पटावरून पाठाकडे
(बुद्धिबळप्रेमी मंडळींसमोर दिलेले व्याख्यान)



बुद्धिबळावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. एखाद्या जगज्जेत्याचे चरित्र ऐकावयास मिळेल अशी आपली अपेक्षा असेल. परंतु मी निवडलेले आर्तुर युसुपोव्ह हे खुल्या गटाचे जगज्जेतेपद कधीच मिळवू शकले नाहीत. तरीही त्यांचे जीवन मला अधिक बोधप्रद वाटते.

युसुपोव्ह यांचा जन्म १९६० साली मॉस्को येथे झाला. १९७७ साली ते कुमारांचे जगज्जेते झाले आणि १९८० साली ग्रँडमास्टर. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरविणाऱ्या सामन्यांत ते तीन वेळा अखेरच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचले. १९८६ साली सोकोलोव्ह, १९८९ साली कार्पोव्ह आणि १९९२ साली टिमन यांनी त्यांची वाट अडविली.

मध्यंतरी १९९० साली मॉस्कोतील त्यांच्या घरात दरोडेखोर शिरले आणि त्यांनी झाडलेल्या गोळीने युसुपोव्ह गंभीर जखमी झाले. पुढच्याच वर्षी ब्रुसेल्स येथे त्यांची गाठ इव्हान्चुकशी पडली. त्याच वर्षी लिनारेसची स्पर्धा जिंकून इव्हान्चुकने कास्पारोव्हलाही मागे टाकले होते. आठ डावांनंतर बरोबरी झाली. मग झालेल्या जलद डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या युसुपोव्ह यांनी मोहऱ्यांच्या हानीची तमा न बाळगता शत्रूच्या राजावर असा हल्ला चढविला की, तो डाव आजही रसिक पुनःपुन्हा पटावर मांडून पाहतात.

पुढे ते जर्मनीत स्थायिक झाले. २००० सालच्या ऑलिंपियाडमध्ये जर्मन संघाला रौप्यपदक मिळाले, त्या संघात ते होते. २००५ साली ते जर्मनीचे विजेतेही झाले. शिकवणे ही त्यांच्या लेखी पराभूताची पळवाट नव्हती, हे यावरून ध्यानी यावे.

शिकवण्याची दीक्षा त्यांना आपल्या गुरूंकडूनच मिळाली. मार्क द्वोरेत्स्की हे स्वतः आंतरराष्ट्रीय मास्टर. परंतु शिष्य घडविणे हेच त्यांनी आपले कार्य मानले. गुरुशिष्यांनी मिळून निवडक होतकरू मुलांसाठी एक शाळा चालविली. पुढे आठ वेळा रशियाचा विजेता झालेला पीटर स्विडलर हा त्याच शाळेतला. तेथील पाठांचे पुढे ग्रंथ झाले. १९९५ साली न्यूयॉर्कमध्ये आपल्या विश्वनाथन आनंदने कास्पारोव्हशी जगज्जेतेपदाचा सामना खेळला, तेव्हा त्याच्या साहाय्यकांत युसुपोव्ह होते.

त्यांचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे सामान्य खेळाडूसाठी लिहिलेली नऊ भागांची अभ्यासमाला. प्रत्येक भागात चोवीस पाठ आणि प्रत्येक पाठाअखेरीस सोडविण्यासाठी बारा स्थिती. मोहरी पटावर मांडावीत, चाली कागदावर लिहाव्यात आणि मगच उत्तर पाहून स्वतःस गुण द्यावेत, असा दंडक आहे. उत्तीर्ण होण्याइतके गुण न मिळाल्यास तोच पाठ पुन्हा वाचावा. आयुष्यभर कचेरीच्या नोंदवह्या सांभाळलेल्या माझ्यासारख्यास ही शिस्त विशेष भावते. मनात धरलेली चाल सोयीप्रमाणे बदलता येते. कागदावर उतरलेली चाल मात्र आपली चूक झाकू देत नाही. या मालेबद्दल जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांना बोलेस्लाव्हस्की पदक देऊन गौरविले.

मित्रहो, उत्तम खेळणे आणि उत्तम शिकविणे या दोन निराळ्या विद्या आहेत. जाणत्याला जे क्षणात दिसते, ते नवख्याला का दिसत नाही, हे ओळखून पायरीपायरीने मांडावयास निराळाच संयम लागतो. आपल्या गावोगावीही पटावर भल्याभल्यांस जेरीस आणणारी वडीलधारी मंडळी होऊन गेली. त्यांचे डाव कोणी टिपून ठेवले नाहीत. माणूस गेला आणि त्याबरोबर त्याची विद्याही गेली. युसुपोव्ह यांच्या हातून मुकुट निसटला, परंतु त्यांची विद्या मागे राहिली. ज्यांना खेळता येते त्यांनी आपले डाव लिहून ठेवावेत आणि घरातील एका तरी मुलास समोर बसवून ते समजावून द्यावेत, एवढीच माझी विनंती आहे.