हात गुंतलेले, कान मोकळे



तुम्ही भाजी चिरत असाल, भांडी घासत असाल किंवा काजूगर सोलत असाल, तर हातातलं काम थांबवू नका. काम करता करताच ऐका. रेडिओचं हेच बरं असतं, तो आपल्याला समोर बसवून ठेवत नाही.

मी बचत गटांचं काम बघते. महिन्यातले बरेच दिवस या वाडीतून त्या वाडीत जाण्यात, बैठकांत, हिशेबाच्या वह्यांत आणि बँकेच्या फेऱ्यांत जातात. आज मात्र मी वेगळ्याच विषयावर बोलणार आहे. पॉडकास्ट. शब्द ऐकून काही जणी म्हणाल, "ते पोरांचं खूळ, आपल्याला काय करायचंय?" मलाही तसंच वाटायचं. पण आमच्या एका गटात दोन बैठकांमध्ये जे घडलं, त्यामुळे माझं मत बदललं. तेच आज सांगते. गटाचं आणि बायकांचं नाव घेणार नाही, ते बरंही नाही.

रत्नागिरीपासून थोड्या अंतरावरच्या एका वाडीतला हा गट. तेरा जणी आहेत. काजूगर सोलून देण्याचं काम घेतात, हंगामात आंबापोळी आणि कोकमाचं आगळ करतात. एका बैठकीत एक ताई म्हणाल्या, "मला अठरा हजारांचं अंतर्गत कर्ज हवंय." कशासाठी, असं विचारलं तर जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "मुलीला कोर्स करायचाय. शेअर बाजाराचा. मोबाईलवर कोणीतरी सांगतो, त्याचं ती रोज ऐकते."

मुलगी कॉलेजात शिकते. एसटीने जाते-येते. एरवी गुणी, अभ्यासू. पण आईची तक्रार एकच, "घरात असली की कानात ते घालून बसलेली. हाक मारली तर ऐकू येत नाही. जेवताना पण तेच. आम्ही काय बोलतो ते तिच्या कानापर्यंत पोचतच नाही."

बैठकीत एकदम गलका झाला. कोणी म्हणालं मोबाईल काढून घ्या. कोणी म्हणालं लग्नाचं बघा. मी म्हटलं, थांबा. ती काय ऐकते, ते आपण ऐकलंय का? कोणीच ऐकलं नव्हतं. मग ठरलं, पुढच्या बैठकीला मुलीलाच बोलवायचं आणि तिनं जे ऐकलं, ते सगळ्यांनी मिळून ऐकायचं.

पुढचं सांगण्याआधी, पॉडकास्ट म्हणजे काय ते थोडं सांगते. हा शब्द २००४ साली एका ब्रिटिश पत्रकाराने वापरला. तेव्हा गाणी ऐकायचं आयपॉड नावाचं छोटं यंत्र होतं. त्यातला 'पॉड' आणि ब्रॉडकास्ट, म्हणजे प्रसारण, यातला 'कास्ट' जोडून हा शब्द झाला. ध्वनिमुद्रित करून ठेवलेला कार्यक्रम. तो इंटरनेटवर असतो, आपल्याला हवा तेव्हा लावायचा, हवा तिथे थांबवायचा, कळलं नाही तर मागे नेऊन पुन्हा ऐकायचा. रेडिओवर सकाळी अकराचा कार्यक्रम चुकला की चुकला. इथे तसं नाही.

आणि ही कल्पना आपल्याला काही परकी नाही. १९५५ साली रामनवमीला आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत. वर्षभर नवनवीन गाणं येत राहिलं, एकूण छप्पन्न गाणी झाली. पुढच्या गाण्याची वाट बघत लोक रेडिओपाशी बसायचे. आपल्या रत्नागिरीत १९७७ साली आकाशवाणीचं केंद्र आलं, तेव्हापासून कोकणातल्या किती घरांत सकाळ रेडिओनेच व्हायची! एकामागून एक भाग येणं आणि लोकांनी त्याची वाट बघणं, हे आपल्याकडे जुनंच आहे. फरक एवढाच की तेव्हा रेडिओ माजघरात किंवा पडवीत असायचा आणि सगळं घर एकच ऐकायचं. आता प्रत्येकाच्या कानात वेगळं. एका खोलीत चार माणसं बसतात आणि चौघं चार ठिकाणी असतात.

तरुण मुलं याकडे का वळली, तेही समजून घ्यायला हवं. २०१६ नंतर मोबाईलचा डेटा स्वस्त झाला. आपल्याकडची मुलं शहरात कॉलेजला येतात, तिथे रेंज मिळते तेव्हा भाग उतरवून घेतात आणि संध्याकाळी एसटीत ऐकत घरी येतात. घाटात, वळणात रेंज गेली तरी काही अडत नाही. नुसता आवाज असला तर व्हिडिओपेक्षा डेटाही खूप कमी लागतो. आपले मुंबईतले चाकरमानी लोकलच्या गर्दीत उभ्याने तास दीड तास काढतात. हातात वर्तमानपत्र उघडायला जागा नाही, पण कान मोकळे असतात. आणि आता मराठीतही भरपूर आहे. 'अमुक तमुक'मध्ये मनाच्या, नात्यांच्या, घरादाराच्या विषयांवर मोकळ्या गप्पा असतात. सौमित्र पोटे यांच्या 'मित्रम्हणे'मध्ये कलाकारांच्या निवांत मुलाखती असतात. ज्या गोष्टी घरात विचारायची सोय नाही, त्या मुलांना तिथे ऐकायला मिळतात. म्हणून ती ऐकतात. त्यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

तर, आता बैठकीकडे येते.

मुलगी आली. जरा रागातच होती, आपली खरडपट्टी निघणार असं तिला वाटलं असावं. आम्ही तिला म्हटलं, बाय, तुझ्या त्या माणसाचं लाव बघू. मोबाईलचा आवाज कमी पडला म्हणून स्टीलच्या डब्यात ठेवला, मग घुमायला लागला. समोर काजूगरांची परात. सगळ्या जणी लाल साल काढत ऐकत होत्या.

माणूस बोलायला गोड. गरिबीतून कसा वर आलो, वडील कसे राबायचे, मग शेअर बाजारात ऑप्शन ट्रेडिंग करून आयुष्य कसं बदललं, असं सांगत होता. मध्येच म्हणाला, "नोकरी करणारे कायम नोकरच राहतात." आणि शेवटी, माझा कोर्स करा, इतक्या दिवसांत इतके लोक भरतील, मग दार बंद.

संपल्यावर एक आजी, सही करण्यापुरतंच शिकलेल्या, त्यांनी विचारलं, "अगो, ह्याला बाजारात एवढं मिळतंय, तर हा आमच्याकडून अठरा हजार कशाला मागतो?"

कोणी हसलं नाही. मुलगीही गप्प झाली.

मैत्रिणींनो, गटात कोणी कर्ज मागितलं की आपण काय विचारतो? पैसा कशासाठी, त्यातून मिळकत कशी होणार, परतफेड कशी होणार. आजींनी तोच प्रश्न मोबाईलमधल्या माणसाला विचारला होता.

मग मी त्यांना एक माहिती सांगितली. सेबी म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक व्यापाऱ्यांचा हिशेब त्यात होता. त्यातल्या ९३ टक्के लोकांना तोटा झाला होता. शंभरातल्या त्र्याण्णवांना! खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये. सगळ्यांचा मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. शेअर बाजारात विचार करून, धीराने केलेली गुंतवणूक निराळी आणि हा खेळ निराळा. पैसे घेऊन कुठला शेअर घ्यावा, कुठला विकावा असा सल्ला देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी लागते, आणि ती नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येते. आम्ही त्या माणसाची नोंदणी शोधली. सापडली नाही.

कर्ज दिलं नाही. पण मुलीला कोणी टोचून बोलायचं नाही, असंही ठरलं. तिला घरच्यांचे कष्ट कमी करायचे होते, म्हणून ती त्या आवाजाकडे वळली होती. हेतू वाईट नव्हता. ती निघताना म्हणाली, "ताई, मी फक्त हेच नाही ऐकत. चांगलं पण असतं." मी म्हटलं, मग पुढच्या वेळी चांगलं ऐकव.

पुढच्या बैठकीत तिनं लावला स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांच्या गप्पांचा एक भाग. विषय, पाळी जाण्याचा काळ. सुरुवातीला बायका एकमेकींकडे बघून लाजल्या. एका मुलीने सगळ्यांसमोर हे लावलं म्हणून एक काकी पुटपुटल्याही. पण हळूहळू हात थांबले. अंगातून वाफा येणं, रात्री झोप न लागणं, उगाच चिडचिड होणं, हाडं ठिसूळ होणं. डॉक्टर बाई एकेक सांगत होत्या आणि आमच्यातल्या कितीतरी जणी मान हलवत होत्या. इतकी वर्षं प्रत्येकीला वाटायचं, हे आपल्या एकटीलाच होतंय.

मग त्या डॉक्टर म्हणाल्या, पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि पुन्हा अंगावरून जायला लागलं, अगदी थोडंसं जरी, तरी घरी बसू नका, तपासून घ्या.

कोपऱ्यात बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "पोरी, ते मागचं परत लाव."

तिनं परत लावलं. मावशींनी पुन्हा ऐकलं. काही बोलल्या नाहीत. बैठक संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, मला दोन महिने होतंय तसं. कोणाला सांगू कळत नव्हतं." त्याच आठवड्यात आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. तपासण्या झाल्या, उपचार सुरू झाले. याहून जास्त मी सांगणार नाही, ते त्यांचं खासगी आहे. इतकं मात्र सांगते, की त्या पोरीच्या कानात काहीच नसतं, तर मावशी अजून गप्पच बसल्या असत्या.

म्हणजे बघा, मुलगी तीच, मोबाईल तोच. एका बैठकीत त्यानं अठरा हजार घालवले असते, दुसऱ्या बैठकीत एका बाईला वेळेवर दवाखान्यात नेलं. मोबाईल काढून घेतला असता तर पैसे वाचले असते, पण मावशींचं काय झालं असतं?

म्हणून मी सगळ्या आयांना सांगते, मुलांच्या कानातलं ओढून काढू नका. त्यांना म्हणा, मलाही ऐकव. आणि ऐकताना तीन प्रश्न विचारा. एक, बोलणारा कोण आहे, त्या विषयातलं त्याचं शिक्षण किंवा अनुभव काय? दोन, त्याला पैसे कुठून मिळतात, तो शेवटी काही विकतोय का? तीन, तो सांगतो ते दुसरीकडे तपासता येतं का? आजाराबद्दल असेल तर डॉक्टरांकडून, पैशाबद्दल असेल तर बँकेत किंवा सेबीकडून. आणि कुणाची ऑनलाइन फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका, १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकं बरं.

अजून एक गोष्ट मनात आहे. आपण नुसतं ऐकायचंच का? आपणही बोलू शकतो. तेलंगणात माचनूर गावी २००८ साली 'संगम रेडिओ' सुरू झाला, तो दलित शेतकरी बायका चालवतात. आपल्या महाराष्ट्रात म्हसवडला 'माणदेशी तरंग' आहे, माणदेशी फाउंडेशनचा समुदाय रेडिओ. तिथेही गावातल्या बायका माइकसमोर बसतात. समुदाय रेडिओचा आवाज फार तर दहा-पंधरा किलोमीटर जातो, आणि आपल्याकडे मध्ये डोंगर आला की तिथेच अडतो. पण तोच कार्यक्रम पॉडकास्ट करून ठेवला, तर डोंबिवलीत राहणारा लेकही ऐकेल.

आमच्या त्या मुलीला मी हे बोलले. आता ती मोबाईलवर आजींना ध्वनिमुद्रित करते आहे. आगळ बुरशी न येता वर्षभर कसं टिकवायचं, आंबापोळीला ऊन कुठलं चांगलं, गटाचं पहिलं कर्ज कोणी आणि कशासाठी घेतलं. पहिल्यांदा माइकसमोर आजी शुद्ध बोलायला गेल्या आणि अडखळल्या. मुलगी म्हणाली, "आजी, तुम्ही घरात बोलता तसंच बोला." मग काय, आजी अर्धा तास थांबेनात!

आईची तक्रार अजून आहे, बरं का. पोरगी जेवताना अजूनही कानात घालते. पण आता आई हाक मारून विचारते, "काय ऐकतेस गो?" आणि पोरगी एका कानातलं काढून आईच्या कानात घालते.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. घरातल्या मुलाला किंवा मुलीला एकदा विचारा, तू काय ऐकतोस, तू काय ऐकतेस? रागावून नको, खरंच ऐकायचंय म्हणून विचारा. आणि पुढच्या बैठकीला येताना तुम्ही काय ऐकलंत, ते आम्हालाही सांगा.