तुटण्यासाठीच घडवलेली पिन

अवसरी बुद्रुकच्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरचा पीटीओ समजावून सांगावा लागत नाही. मागचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो नि रोटाव्हेटर चालतो. विहिरीतला गाळ काढणारी यारीही ओळखीचीच. या दोन्हींचा मेळ म्हणजे जुन्या जीपवरची यांत्रिक विंच.

महिंद्राने विलीज जीप भारतात जुळवायला घेतली. अशा जीपच्या ट्रान्सफर केसला पीटीओ जोडतात. तिथून लांब शाफ्ट गाडीखालून पुढच्या बंपरपर्यंत जातो आणि वर्म गिअरमार्फत तारेचा ड्रम फिरवतो. ट्रान्सफर केस न्यूट्रलला असली की चाके थांबतात, सारी ताकद तारेला मिळते. बॅटरीवर भार नाही. मात्र इंजिन बंद, तर विंचही बंद.

शाफ्टच्या जोडात एक नरम पिन असते. ओढ मर्यादेबाहेर गेली की ती तुटते. सारखी तुटते म्हणून कुणी तिथे कडक बोल्ट ठोकतो. मग तुटण्याची पाळी गिअरवर, शाफ्टवर किंवा तारेवर येते. ताणलेली तार तुटली तर चाबकासारखी उलटते आणि जवळच्या माणसाच्या जिवावर बेतते.

म्हणून पिन ठरल्या मापाचीच घाला. ड्रमवर तारेचे निदान पाच वेढे राहू द्या. तारेवर जड गोणपाट टाका, बघ्यांना लांब ठेवा.

पिन तुटली तर चिडू नका. यंत्र ‘पुरे’ म्हणाले, एवढेच. आधी चाकापुढचा चिखल काढा, मग नवी पिन घाला.