वर्गातील उपहास आणि इतिहासाचे शिक्षण
(शिक्षकांपुढील भाषण)



पेडणे आणि डिचोली ह्या तालुक्यांत जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक पाहावयास सारा गाव लोटतो. पायपेटी, मृदंग आणि झांज ह्यांच्या साथीवर पुरुष नट लुगडे नेसून राणी होतो, आणि त्याच्या अभिनयाने प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. अशा स्त्रीपार्टी नटाचा गावाला अभिमान वाटतो. तथापि त्याच गावच्या शाळेत एखाद्या मुलाची चाल नाजूक असली, की 'बायल्या' हा शब्द त्याची पाठ सोडत नाही. वर्ग हसतो, आणि शिक्षक पुष्कळदा ऐकून न ऐकल्यासारखे करतात. समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींविषयीचे शिक्षण कोठून सुरू व्हावे, ह्या प्रश्नाचे उत्तर ह्या विसंगतीतच आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. रंगभूमीवरील स्त्रीभूमिका ही कला होय. रंग पुसून नट आपल्या प्रपंचात परततो. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) स्त्रीभूमिकांनी मराठी रसिकांना वेड लावले; त्यांच्या लुगड्यांचे आणि अलंकारांचे अनुकरण घरंदाज स्त्रियांनी केले. त्यावरून नटाच्या खाजगी ओढीविषयी कोणताही निष्कर्ष निघत नाही. स्वतःस पुरुष, स्त्री अथवा अन्य काही मानणे हा लिंगभाव. कोणाविषयी प्रेमाची ओढ वाटते, तो लैंगिक कल. भूमिका, लिंगभाव आणि कल ह्या तीन गोष्टी निरनिराळ्या आहेत. त्यांची गल्लत टळली, तर निम्मा उपहास आपोआप ओसरेल.

हा विषय परदेशातून आलेला आहे, असा आक्षेप घेतला जातो. बृहन्नडा आणि शिखंडी ही पात्रे येथील मुलांना आख्यानांतून परिचित आहेत. मार्दोळची श्री म्हाळसा ही विष्णूच्या मोहिनीरूपाची देवता मानली जाते. पुराणकथा म्हणजे इतिहास नव्हे हे खरे. परंतु ह्या कल्पनांशी समाजाचा परिचय जुना आहे, एवढे त्यांवरून निश्चित दिसते.

शिक्षा मात्र बाहेरून आल्या. गोव्यातील इन्क्विझिशनने (१५६०–१८१२) अन्य आरोपांबरोबर समलिंगी संबंधांबद्दलही खटले चालविले. पेडणे आणि डिचोली हे मुलूख नव्या काबिजादींतील. पेडणे तर १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. ब्रिटिश हिंदुस्थानात भारतीय दंडसंहितेचे ३७७ वे कलम १८६२ पासून अमलात होते. १९६१ च्या मुक्तीनंतर ती संहिता गोव्यास लागू झाली, आणि तिच्याबरोबर हे कलमही आले. एकाच भूमीवर दोन साम्राज्यांच्या कायद्यांची अशी छाया पडली. इतिहासाच्या तासाला हे सांगण्यास कोणताही संकोच वाटण्याचे कारण नाही.

मराठी भाषेतही ह्या विषयाची चर्चा नवी नाही. र. धों. कर्वे ह्यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातून वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तरे दिली. त्यांपैकी काही उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी मांडली. कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र १९५३ पर्यंत चालू राहिले. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' ह्या नाटकाने १९८१ मध्ये एका समलिंगी तरुणीची व्यथा रंगभूमीवर आणली.

पुढील घटना सर्वविदित आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता रोगांच्या सूचीतून वगळली. दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा अनुकूल निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फिरविला. परंतु त्याच न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांना मान्यता दिली, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. २०१९ च्या कायद्याने शासनमान्य शिक्षणसंस्थांवर तृतीयपंथी विद्यार्थ्यांना भेदभावरहित शिक्षण देण्याची जबाबदारी टाकली.

२०११ च्या जनगणनेत 'इतर' ह्या लिंगनोंदीत देशात सुमारे ४ लाख ८८ हजार व्यक्ती आढळल्या, गोव्यात ३९८. आकडा लहान आहे. परंतु त्यातील प्रत्येक व्यक्तीचे शाळेचे वय कधी ना कधी असतेच. ज्या मुलाला रोज हिणविले जाते, ते प्रथम मागच्या बाकावर जाते, मग खेळाचा तास चुकविते, आणि अखेर शाळाच सोडते. पटावरून नाव कमी होते, तेव्हा कारणाच्या रकान्यात खरे कारण क्वचितच लिहिले जाते.

मौनाने प्रश्न सुटत नाही, ह्याचा दाखला ब्रिटनने दिला. तेथे १९८८ च्या एका कलमाने स्थानिक संस्थांना समलैंगिकतेचा पुरस्कार करण्यास मनाई केली. परिणामी शिक्षक छळ पाहूनही बोलण्यास कचरू लागले. स्कॉटलंडमध्ये २००० साली आणि इंग्लंड-वेल्समध्ये २००३ साली ते कलम रद्द झाले. आपल्याकडे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये तृतीयपंथी मुलांच्या शालेय समावेशनाविषयी शिक्षकांसाठी पुस्तिका काढली. आक्षेप येताच ती संकेतस्थळावरून हटविण्यात आली.

पुस्तिका असो वा नसो, शिक्षकाच्या हाती पुष्कळ आहे. 'बायल्या' हा शब्द वर्गात उच्चारला गेला, की जातिवाचक शिवीइतक्याच गांभीर्याने तो तेथल्या तेथे थांबवावा. विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून शिक्षककक्षात वा पालकांकडे नेऊ नये. मात्र त्याच्या जिवास धोका दिसल्यास योग्य मदत तत्काळ मिळवून द्यावी. वयास अनुरूप शब्दांत, लोककला, इतिहास आणि नागरिकशास्त्र ह्या चालू पाठांतूनच हा विषय यावा. कोणाही मुलास उभे करून त्याचे उदाहरण मात्र कधीही देऊ नये. तू कोण आहेस, हे ठरविणे शिक्षकाचे काम नाही. ते ठरेपर्यंत मुलाला वर्गात निर्धास्त बसता यावे, एवढे पाहणे हे त्याचे निश्चित कर्तव्य आहे.