लिंकनचें पहिलें निवडणूक-पत्रक

अब्राहम लिंकन म्हटला कीं गुलामगिरीचा उच्छेद करणारा, यादवी युद्धांत राष्ट्र सांभाळणारा आणि शेवटीं मारेकऱ्याच्या गोळीस बळी पडलेला अध्यक्ष डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु हा पुरुष लोकांकडे मत मागावयास प्रथम गेला तो अध्यक्षपदासाठीं नव्हे. इलिनॉय संस्थानाच्या कायदेमंडळांतील एक जागा त्यास हवी होती, आणि त्या वेळचे त्याचे विषय होते नदीचें पात्र, सावकाराचें व्याज आणि गांवची शाळा. १८३२ सालच्या मार्च महिन्याच्या ९ तारखेस त्यानें सँगमन परगण्यांतील मतदारांस उद्देशून एक पत्रक लिहिलें. स्प्रिंगफील्डच्या ‘सँगमो जर्नल’ या वृत्तपत्रानें तें छापलें. उमेदवारानें आपलीं धोरणें कशीं मांडावीं हें पाहावयाचें असेल, तर तें पत्रक आजही वाचण्यासारखें आहे. आणि पुढें त्याच उमेदवाराच्या हातीं सत्ता आल्यावर त्या धोरणांचें काय झालें, हेंही पाहण्यासारखें आहे.

तेव्हां त्याचें वय अवघें तेवीस वर्षांचें होतें. सारें शालेय शिक्षण एकत्र केलें तरी तें वर्षभराचें भरलें नसतें. न्यू सेलम या खेड्यांत येऊन राहिल्यास पुरतें वर्षही लोटलें नव्हतें, आणि ज्या दुकानांत तो कारकून होता तें दुकान बुडण्याच्या बेतांत होतें.

पत्रकाचा मोठा भाग दळणवळणास दिलेला आहे, आणि तें योग्यच होतें. मका व डुकरें यांवर जगणाऱ्या त्या परगण्यास आपला माल बाजारापर्यंत नेण्यास स्वस्त वाट नव्हती. इलिनॉय नदीपासून जॅक्सनव्हिल गांवावरून स्प्रिंगफील्डपर्यंत आगगाडी यावी, ही कल्पना त्या दिवसांत सर्वांच्या तोंडीं होती. लिंकननें तिचें मोकळेपणानें कौतुक केलें आहे. पूर येवो, पाणी आटो, थंडीनें नदी गोठो, आगगाडी चालावयाची थांबत नाहीं, असें तो म्हणतो. पण लगेच तो खर्चाकडे वळतो. अंदाज होता दोन लक्ष नव्वद हजार डॉलरांचा. हा आंकडा ऐकल्यावर या गोड आशेपासून माघार घेणें भाग आहे, असें त्यानें स्पष्ट लिहिलें. मत मागणाऱ्या तरुणानें मतदारांची आवडती कल्पना त्यांच्याच देखत खर्चाच्या कांट्यावर तोलावी, असे प्रसंग कोणत्याही देशाच्या निवडणुकींत थोडेच.

आगगाडीच्या जागीं त्यानें सुचविली ती सँगमन नदीची सुधारणा. या बाबतींत त्याचा आधार पुस्तकी नव्हता. १८३१ च्या वसंत ऋतूंत त्यानें सोबत्यांसह एक सपाट बुडाची नाव बांधून ती याच नदींतून खालीं नेली होती, आणि त्यानंतर गिरणीच्या कामावर असतांना पाण्याचा चढउतार तो नित्य पाहत होता. मुखापासून वर तीस-पस्तीस मैलांपर्यंत नदी फार वळणें घेते, शिवाय पात्रांत लांकडें अडकून पडतात, हें त्याचें निरीक्षण. यावर उपाय असा कीं, वळणांमधल्या जमिनीवरचा गवताळ थर कापून काढावा, जुनें पात्र बांध घालून अडवावें; मग पाणी आपलें आपणच सरळ पात्र खोदून घेईल. याला खर्च किती येईल? तें आपणांस सांगतां येत नाहीं, तेवढ्याच लांबीच्या इतर नद्यांस येतो त्याहून तो अधिक नसावा, एवढेंच तो म्हणतो. आगगाडीस लावलेला कांटा त्यानें नदीस मात्र लावला नाहीं, हें येथें नमूद केलें पाहिजे.

नदीनें आपलें मत फार लवकर दिलें. त्याच वसंत ऋतूंत ‘टॅलिस्मन’ नांवाची एक आगबोट सँगमन नदीनें वर चढून स्प्रिंगफील्डच्या जवळपास आली. लोकांच्या आनंदास सीमा उरली नाहीं. कुऱ्हाडी घेऊन पुढें जाऊन काठच्या फांद्या छाटणाऱ्यांत लिंकनही होता. पण पाणी उतरूं लागलें. बोट वळविण्यास जागा नव्हती, म्हणून ती उलट्या चालीनें परत न्यावी लागली. न्यू सेलमच्या गिरणीचा बंधाराही तिच्यासाठीं कांहींसा फोडावा लागला.

भरमसाट व्याजास कायद्यानें मर्यादा घालावी, हें पत्रकांतील दुसरें कलम. मर्यादा अशी असावी कीं कोणत्याही वर्गाचें विशेष नुकसान होऊं नये, आणि अतिशय निकड पडल्यास कायद्यास बगल देण्याची वाट नेहमींच सांपडेल, असें तो पुढें लिहितो. ही कबुली व्यवहारी खरी, पण समाधानकारक नव्हे. ऋणको सावकाराच्या तावडींत सांपडतो तो निकडीच्या वेळींच. त्या वेळीं जो कायदा मोडतो, तो इतर वेळीं असून कोणाच्या उपयोगाचा?

शिक्षणाविषयीं मात्र ओळी थोड्या आहेत. लोकसमाजानें हातीं घ्यावा असा याहून महत्त्वाचा विषय नाहीं, असें म्हणून लिंकन लगेच सांगतो कीं याची योजना आंखून देण्याचा आव आपण आणीत नाहीं. कारण उघड दिसतें. शाळांसाठीं कर बसविणारा कायदा इलिनॉयनें १८२५ सालींच केला होता आणि करास विटून चार वर्षांच्या आंत तो निर्जीवही करून टाकला होता. शाळा हवी, कर नको, असें म्हणणाऱ्या मतदारांपुढें हा विषय लांबविणें सोयीचें नव्हतें. शेवटीं उमेदवार स्वतःविषयीं लिहितो: आपला जन्म गरिबींतला, पाठीशीं श्रीमंत आप्तइष्ट नाहींत, आणि लोकांनीं नाकारलें तर निराशेची संवय आपणांस आधींच जडलेली आहे.

लोकांनीं नाकारलेंच. एप्रिलमध्यें तो ब्लॅक हॉकच्या युद्धांत स्वयंसैनिक म्हणून गेला, तुकडीचा कॅप्टन निवडला गेला, आणि परतला तों जुलै उजाडला होता. त्या काळीं तेथें मत तोंडानें उच्चारून द्यावयाचें असे. ६ ऑगस्टला चार जागांसाठीं उभ्या असलेल्या तेरा उमेदवारांत तो आठवा आला. पण ज्या न्यू सेलमनें त्याला पाहिलें होतें, तेथें सुमारे तीनशें मतांपैकीं २७७ त्याचीं होतीं.

१८३४ सालीं तो निवडून आला. १८३६ च्या छोट्या निवेदनांत कर देणाऱ्या किंवा शस्त्र धरणाऱ्या सर्व गोऱ्यांस, स्त्रियांसुद्धां, मताधिकार असावा असें त्यानें म्हटलें. गोऱ्यांची अट तेव्हां त्यालाही खटकली नाहीं. त्याच निवेदनांत सरकारी जमिनींच्या विक्रीचें उत्पन्न संस्थानांस वांटून मिळावें, म्हणजे कर्ज न काढतां व व्याज न भरतां कालवे व आगगाड्या बांधतां येतील, असाही विचार आहे. विचार १८३२ च्या लिंकनला शोभणारा होता. पण आठ-नऊ महिन्यांतच, १८३७ च्या फेब्रुवारींत, इलिनॉयच्या कायदेमंडळानें सुमारे एक कोट डॉलरांची योजना मंजूर केली, तीही कर्जाच्या बळावर. आणि तिच्या प्रमुख पुरस्कर्त्यांत लिंकन होता. ज्या परगण्यांस आगगाडीही नाहीं आणि कालवाही नाहीं, त्यांच्या समाधानासाठीं दोन लक्ष डॉलर वेगळे काढलेले होते. त्याच बैठकींत राजधानी व्हँडेलियाहून स्प्रिंगफील्डला नेण्याचें ठरलें. मतांच्या देवघेवीचा आरोप विरोधकांनीं तेव्हांच केला, आणि इतिहासकारांत त्यावर एकमत नाहीं.

त्या वसंतांतच अमेरिकेंतील पेढ्या कोसळल्या. पैसा मिळेना, कामें अर्ध्यावर राहिलीं. तीं अजिबात सोडून देण्यास लिंकनचा पुष्कळ दिवस विरोध होता. १८४२ उजाडेपर्यंत संस्थानास कर्जाचें व्याजही देतां येईना. १८६५ सालीं लिंकनचा अंत झाला तेव्हांही तें कर्ज पुरतें फिटलें नव्हतें. एवढ्या मोठ्या योजनेंतून आगगाडीचा एक फांटा तेवढा पुरा झाला: इलिनॉय नदीवरील मेरेडोशियापासून जॅक्सनव्हिलवरून स्प्रिंगफील्डपर्यंत. दहा वर्षांपूर्वीं पत्रकांत महाग म्हणून बाजूस सारलेला तोच मार्ग. १८४७ सालीं संस्थानानें तो लिलावांत २१,१०० डॉलरांस विकून टाकला. सँगमन नदीवर आगबोटींची नियमित वाहतूक कधींच सुरू झाली नाहीं. मोफत शाळांसाठीं कर बसविणारा टिकाऊ कायदा इलिनॉयमध्यें १८५५ सालीं झाला. त्या वेळीं न्यू सेलम ओस पडून बरींच वर्षें लोटलीं होतीं.