नगराचा झाडा

जुन्या मराठी कारभारात ‘झाडा देणे’ असा एक शब्दप्रयोग रूढ होता. ज्याच्या स्वाधीन दुसऱ्याचा पैसा, धान्य अथवा चीजवस्तू केलेली असेल, त्याने ती कोठे व कशी खर्ची पडली याचा तपशीलवार हिशेब धन्यास समजावून द्यावयाचा, याचे नाव झाडा. पेढीवरचा व्यापारी आपल्या मुनिमाकडून असा झाडा घेतल्यावाचून राहत नाही. गृहिणीही महिन्याच्या अखेरीस वाण्याची वही तपासून पाहते. परंतु हीच माणसे ज्या नगरात राहतात, त्या नगराच्या खजिन्याचा प्रश्न निघाला की एकाएकी उदार होतात. पाच वर्षांतून एकदा मत दिले म्हणजे कर्तव्य संपले, अशी त्यांची समजूत असते. या औदार्याची किंमत मात्र त्यांना आपल्याच घरी, कोरड्या नळाच्या तोंडाशी, चुकवावी लागते. ती कशी वाढत जाते हे पाहावयाचे असल्यास मराठवाड्यातील जालना शहराच्या पाण्याचा इतिहास उद्बोधक आहे.

कुंडलिका नदीच्या काठी वसलेले जालना हे जुने व्यापारी नगर. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण त्याच्या भरभराटीची साक्ष देते. बियाणे आणि लोखंडी सळया यांच्या धंद्यामुळे आजही त्याचे नाव दूरवर पोहोचले आहे. पावसाच्या बाबतीत मात्र हा प्रदेश पूर्वीपासून बेभरवशाचा. म्हणून येथील कर्त्या पुरुषांचे लक्ष पाण्याकडे गेले, यात नवल नाही. मलिक अंबरच्या कारकिर्दीत जालन्याचा अधिकारी जमशेदखान याने सराईबरोबरच एक मोठा तलाव बांधविला आणि त्याचे पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरातील हौदांत खेळविले. त्या काळाच्या मानाने ही योजना मोठी खरीच. परंतु पुढे ते नळ नादुरुस्त झाले आणि हौद कोरडे पडले. राज्यकर्त्याच्या इच्छेने आलेली सोय त्याच्या पश्चात कोणी सांभाळावी, आणि न सांभाळल्यास जाब कोणाला विचारावा, याची कोणतीच व्यवस्था त्या काळी नव्हती.

पुढे निजामाच्या राजवटीत, विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात, शहराजवळ घाणेवाडी येथे जलाशय बांधण्यात आला. जमिनीच्या नैसर्गिक उताराचा फायदा घेऊन येथील पाणी आपल्या गतीने शहरात येते. त्याला वर चढविण्यासाठी यंत्र लागत नाही की इंधन जाळावे लागत नाही. या जलाशयास पुढे संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. परंतु ज्या महात्म्याने आयुष्यभर हातात खराटा घेऊन दिवसा गावे झाडली व रात्री कीर्तनातून लोकांची मने झाडली, त्याचे नाव धारण करणाऱ्या जलाशयातच वर्षानुवर्षे गाळ साचत राहिला. दरवर्षी थोडा थोडा गाळ येतो आणि दरवर्षी तेवढीच पाण्याची जागा व्यापतो. एका वर्षाच्या गाळाने कोणाचे काही अडत नाही, म्हणून एका वर्षाच्या दुर्लक्षाबद्दल कोणी कोणाला विचारत नाही. अशी दशके लोटली म्हणजे तलाव नकाशावर पूर्वीएवढाच दिसतो. पाणी मात्र त्यात पूर्वीएवढे मावत नाही.

अखेरीस 2010 च्या सुमारास शहरातील काही नागरिक घाणेवाडी जल संरक्षण मंच या नावाने एकत्र आले. त्यांनी लोकवर्गणी जमविली आणि गाळ उपसण्याचे काम हाती घेतले. आसपासच्या शेतकऱ्यांनी तो सुपीक गाळ आपल्या शेतांत नेऊन टाकला. हा उद्योग स्तुत्य होता यात शंका नाही. परंतु त्याबरोबर एक प्रश्नही उभा राहतो. जे काम कर घेणाऱ्या संस्थेने नियमाने करावयाचे, ते नागरिकांना वर्गणी काढून करावे लागले, याचा झाडा कोणी दिला? लोकांनी आपल्या हातांनी गाळ काढला ही गौरवाची गोष्ट. तो इतकी वर्षे का साचला हे त्यांना कोणी सांगितले नाही, ही विषादाची.

त्यानंतर लवकरच 2012–13 चा दुष्काळ आला. जालना जिल्ह्याला त्याची झळ अतिशय तीव्रतेने बसली. टँकरभोवती रांगा लागल्या, हंडे-कळशा, पिंपे आणि टाक्या यांनी घरे भरून गेली. त्याच सुमारास पैठणच्या जायकवाडी जलाशयातून जालन्यापर्यंत नळवाहिनी आणण्यात आली. पाणी आले खरे, परंतु दूरच्या पाण्याचे स्वरूप निराळे असते. ते यंत्राने उचलावे लागते, त्यासाठी विजेचे बिल वेळेवर भरावे लागते, वाटेतील गळती थांबवावी लागते, शहरातील जुने नळ बदलावे लागतात. म्हणजे घाणेवाडीपेक्षा येथे दैनंदिन दक्षतेची गरज कितीतरी पटींनी अधिक. अनेक दिवसांच्या अंतराने नळास पाणी येण्याचा अनुभव जालन्यातील घरांना वर्षानुवर्षे घ्यावा लागला आहे. ज्या घरात पाण्याच्या वारावरून धुण्याचा, पाहुण्यांचा आणि मुलीच्या शाळेला जाण्याचा बेत ठरतो, त्या घरातील स्त्रीला सार्वजनिक कारभाराचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

या सर्व इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. बांधणाऱ्याची आठवण राहते, त्याच्या नावाची शिळा बसते, उद्घाटनाचा समारंभ होतो. राखणाऱ्याची आठवण कोणास नसते आणि न राखणाऱ्याचे नावही कोणी घेत नाही. नागरिक जो काही हिशेब मागतात तो बांधकामाचा: किती कोटींची योजना, कोणी मंजूर केली, केव्हा पुरी होणार. गाळ केव्हा काढला, झडपा केव्हा तपासल्या, पाणी शुद्ध करण्याचे द्रव्य कोणत्या दिवशी संपले, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी विचारणारा विरळा. वास्तविक सार्वजनिक सोयीचे आयुष्य याच क्षुल्लक गोष्टींवर अवलंबून असते.

असा जाब विचारण्याची परंपरा महाराष्ट्रास अपरिचित नाही. महात्मा जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. 1880 साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे होते, तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेच्या खजिन्यातून एक हजार रुपये खर्च करावेत अशी सूचना निघाली. इतर सर्व सभासद अनुकूल असता एकट्या जोतीरावांनी विरोध केला आणि तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असे मत दिले. रक्कम हजाराची, मत एकच, आणि ठराव तर मंजूर झालाच. तरीही आज शतकाहून अधिक काळ लोटल्यावर त्या सभेतील आठवण राहिली आहे ती त्या एका मताची. त्या वेळचे सभासद सरकारनियुक्त असत. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयीचा प्रसिद्ध ठराव 18 मे 1882 चा. त्यानंतर ब्रिटिश मुलखातील शहरांत निवडणुकीची पद्धत हळूहळू वाढली. जालना मात्र सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. तेथील नागरिकाला सत्तेपुढे अर्ज करण्याची सवय दीर्घकाळची, जाब विचारण्याची त्या मानाने अलीकडची.

सवय लावून घेतली तर कारभार कसा बदलतो, याचे उदाहरण जालन्याहून सर्वस्वी भिन्न अशा एका गावात सापडते. मराठवाड्याच्या कोरड्या माळापासून दूर, सिंधुदुर्ग जिल्ह्यात, समुद्रकाठी वसलेले वेंगुर्ले हे सुमारे बारा हजार वस्तीचे लहानसे शहर. एके काळी डचांची वखार असलेले हे बंदर. तिचे भग्नावशेष अद्याप तेथे उभे आहेत. नगरपालिका 1876 सालापासूनची. येथे प्रश्न पाण्याचा नव्हता, कचऱ्याचा होता. 2015 पासून पुढे, मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात, कचरा घरातूनच वेगवेगळा करून देण्याची शिस्त या शहराने लावून घेतली. ओल्या कचऱ्यापासून खत व जैविक वायू तयार होऊ लागला, प्लॅस्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात मिसळला जाऊ लागला, आणि ज्या उकिरड्याजवळून लोक नाक धरून जात, तो पाहावयास परगावचे पाहुणे येऊ लागले.

वेंगुर्ल्याचे वैशिष्ट्य यंत्रात नाही. पूल किंवा धरण एकदा बांधून त्याची फीत कापता येते; झाडलोटीची फीत रोज कापता येत नाही. ते काम आज झाले की नाही, हे प्रत्येक घराला दारात उभे राहून दिसते. नगरपालिका नागरिकाला विचारते की कचरा वेगळा केला का, आणि नागरिक नगरपालिकेला विचारतो की गाडी वेळेवर का आली नाही. असा दुहेरी झाडा सुरू झाला म्हणजे सोय टिकते. अधिकाऱ्याची बदली ही ठरलेलीच असते; कोकरे यांचीही झाली. अधिकारी गेल्यावर जे उरते ते नागरिकांच्या सवयीत असेल तेवढेच.

कायद्याची या बाबतीत काय स्थिती आहे, हेही पाहिले पाहिजे. संविधानाच्या 74 व्या दुरुस्तीने, 1993 पासून, नगरपालिकांना संविधानात स्थान मिळाले; त्यांची मुदत पाच वर्षांची ठरली आणि ती संपण्यापूर्वी पुढील निवडणूक व्हावी असे बंधन आले. असे असूनही इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा वाद न्यायालयात असल्यामुळे महाराष्ट्रातील बहुसंख्य नगरपालिका व महानगरपालिका 2022 पासून लोकनियुक्त सभासदांवाचून राहिल्या. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा ही कोंडी फुटली. दरम्यान 2023 साली जालन्याची नगरपालिका जाऊन तेथे महानगरपालिका आली. तिच्या पहिल्या निवडणुकीसाठी शहराने जानेवारी 2026 मध्ये मतदान केले. मधली सुमारे चार वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती होता. प्रशासक कार्यक्षम असू शकेल, प्रामाणिकही असू शकेल. परंतु तो उत्तर देतो वरच्या कचेरीला. गल्लीतील माणसाने ज्याचे दार ठोठवावे असा कोणी त्या काळात नव्हता. महानगरपालिकेच्या रचनेतही कार्यकारी अधिकार सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. म्हणून नाव मोठे झाल्याने नागरिकाचा हात आपोआप लांब होतो, असे मानण्याचे कारण नाही.

आणखी एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. खेड्यातील शेतकऱ्याला ग्रामसभा आहे. तेथे तो उभा राहून सरपंचास तोंडावर विचारू शकतो की विहिरीचा पैसा कोठे गेला. शिकलेल्या शहरवासीयाला असे व्यासपीठ नाही. राज्य शासनाने 2009 मध्ये शहरांसाठी क्षेत्रसभांचा कायदा केला, परंतु तो बव्हंशी कागदावरच राहिला. संविधानातील प्रभाग समित्यांची सक्ती तीन लाख वा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांना आहे. 2011 च्या जनगणनेत जालना शहराची वस्ती 2,85,577 भरली, म्हणजे थोडक्यासाठी ते या सक्तीबाहेर राहिले. शहाणपण शहरात अधिक असते असा समज आहे. पण जाब विचारण्याची जागा मात्र खेड्याला अधिक चांगली मिळाली आहे.

साधने अगदीच नाहीत असे नव्हे. महाराष्ट्राने 2002 साली आणि देशाने 2005 साली माहितीचा अधिकार कायद्याने दिला. दहा रुपयांच्या अर्जावर, सामान्यतः तीस दिवसांच्या आत, टाकलेल्या नळाचे मोजमाप आणि दिलेल्या बिलाची नक्कल पाहावयास मिळू शकते. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क दिला. नगराचे अंदाजपत्रक ही गुप्त चीज नव्हे. ते मागून वाचण्यास मॅट्रिकपर्यंतचे गणित पुरेसे आहे.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घरपट्टी व पाणीपट्टी थकविणारा, रात्री मुख्य नळास चोरून जोड घेणारा, आणि गटारात कचरा लोटणारा गृहस्थ जेव्हा नगरपालिकेच्या नावाने बोटे मोडतो, तेव्हा त्याच्या शब्दाला वजन राहत नाही. झाडा मागणाऱ्याने आधी आपली बाकी फेडलेली असावी. परंतु कर थकले म्हणून हिशेब द्यावयाचा नाही, हे संस्थेचे उत्तरही मान्य होण्यासारखे नाही. कित्येकदा हिशेब न मिळाल्यामुळेच कर देण्याची इच्छा मंदावते. हे चक्र कोणीतरी प्रथम थांबविले पाहिजे, आणि ज्याच्या हाती खजिना आहे त्याने ते आधी थांबविणे न्याय्य आहे.

तेव्हा शहरातील प्रत्येक मोहल्ल्यात दहा घरांनी मिळून एक वही ठेवावी. पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता व किती वेळ आले. कचऱ्याची गाडी केव्हा आली. दिवा केव्हा बंद पडला आणि केव्हा लागला. तक्रार कोणाकडे केली व उत्तर काय मिळाले, एवढेच तीत लिहावे. सहा महिन्यांनी ती वही घेऊन आपल्या नगरसेवकाकडे जावे आणि त्याच्या समक्ष वाचावी. ओरड करणाऱ्याला आश्वासन देऊन परत पाठविता येते. तारीखवार लिहिलेल्या वहीला उत्तर द्यावे लागते. घाणेवाडीच्या जलाशयात पुढील पावसाळ्यातही गाळ येणारच. तो किती आला आणि किती काढला, हे विचारणारी माणसे शहरात दरवर्षी असली, तर तो जलाशय संत गाडगेबाबांच्या नावाला साजेसा राहील.