मानपाडा, पण कुठला?

पाडा म्हटलं की चार घरं डोळ्यांपुढे येतात. मानपाड्यात मात्र टोलेजंग इमारती! त्यात मानपाडे दोन: एक ठाण्यात घोडबंदर रोडवर, दुसरा डोंबिवली पूर्वेला. रिक्षावाल्याला नुसतं ‘मानपाडा’ सांगणं म्हणजे जावेला नुसतं ‘ताट दे’ म्हणणं. सपाट ताट आलं, की आमटी धावलीच कडेला! काठाचं हवं तर तसं बोलावं लागतं, बाई.

पण मानपाडा पोलीस स्टेशन आहे डोंबिवलीचं. घोडबंदरची बाई रात्री नाव वाचून तिकडे निघाली तर? जवळ असेल त्या स्टेशनात जा. गुन्हा दखलपात्र असेल तर ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर नोंदवावाच लागतो. आणि 112 ला फोन लावलात तर आधी सांगा, ठाणे की डोंबिवली.