बाळाचा श्वास मोजा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या सातिवलीत पावसाची झड लागली की घरोघरी मुले खोकू लागतात. साधे पडसे बहुधा आठवड्याभरात आपोआप बरे होते. पण त्यातूनच कधी न्युमोनिया होतो; जुन्या बायका त्याला ‘डबा’ म्हणतात.

तो ओळखावयाचा कसा? १९८८ च्या सुमारास गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी सुइणींनासुद्धा श्वास मोजावयास शिकविले. ज्यांना आकडे येत नव्हते, त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ नि मणी! दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. आपल्या घरी तर घड्याळे आहेत.

मूल शांत असताना झबले वर करून पुरते एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. छाती आत ओढली जात असेल, मूल पीत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मोजीत बसू नये. मध्यरात्र असली तरी निघावे. तान्ह्याला दोन महिन्यांच्या आत नुसता ताप आला तरी तेच. बिब्बा, डाग यांत तर घटकाही दवडू नये, मग घरातील वडीलधारी रागावली तरी चालेल.

आणि दवाखान्यात गेल्यावर आधी तो आकडा सांगा.